पाहुणा म्हणून ये

भाऊजींची गाडी मागायची म्हणजे आधी भाऊजींचं व्याख्यान ऐकायचं, हे ठरलेलंच. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची नाही. चढावर एसी लावायचा नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी फार वेळ उभी करायची नाही, आणि परत आल्याआल्या गोड्या पाण्याने धुऊन काढायची. तो 'हो, हो' करत मान डोलावत होता, आणि मान डोलावता डोलावता टेबलावरचे रिकामे कप एकात एक घालत होता. ताईने हातावर चापट मारली तेव्हा त्याने कप खाली ठेवले आणि दुसऱ्या हाताने बशा उचलल्या.

शहरातल्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात तो वेटर होता. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी तिथेच होता. तिथे सगळे त्याला आलोच म्हणत. कुठल्याही टेबलावरून कुणाचाही हात वर झाला की त्याच्या तोंडून 'आलोच' निघायचं, आणि नवल म्हणजे तो खरोखरच यायचा. त्याचं खरं नाव मालकाला फक्त पगाराच्या दिवशी आठवे. बसणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. जेवायचा तो स्वयंपाकघरातल्या फळीशी, उभ्याने, एक डोळा हॉलच्या दारावर ठेवून. घरी एकटा असायचा, तिथेही ओट्याशी उभा राहूनच जेवायचा. आईने तुला पायाला भिंगरी बांधूनच जन्माला घातलं, असं ताई म्हणायची, आणि हा त्यावर हसून तिच्याच घरातली भांडी विसळायला घ्यायचा.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आलोच गाडी घेऊन निघाला होता तो समुद्र बघायला नव्हे. त्या किनाऱ्याच्या पार टोकाला एक बाई राहत होती, तिच्याकडे तो निघाला होता.

ती पूर्वी त्याच रेस्टॉरंटात भट्टीवर होती. पाव तिच्या हातचे, म्हणून ती पाववाली. रात्री गिऱ्हाइकं गेली की स्वयंपाकघरातल्या त्या फळीशी ही दोघं शेजारी शेजारी उभी राहून जेवत, आणि दिवसभरात कोण कसं वागलं, कोणी सूप परत पाठवलं, कोणाचं कोणाशी बिनसलं याच्या गप्पा मारत. पुढे तिची मावशी वारली, किनाऱ्यावरचं एक छोटं दुकान हिच्या नावे ठेवून गेली, आणि ही ते चालवायला निघाली. मालकाने तिला निरोपाचं जेवण दिलं. हॉलमध्ये, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर, सगळ्यांना बसवून. तिच्या शेजारची खुर्ची आलोचसाठी होती. हा पठ्ठ्या बसलाच नाही. आज तिला वाढायचं तर दुसऱ्या कुणी का वाढावं, असं त्याला वाटलं. त्याने ताट डावीकडून ठेवलं, उजवीकडून उचललं, तिचा ग्लास अर्ध्याच्या खाली जाऊ दिला नाही. त्या हॉलमध्ये बडेबडे लोक येऊन गेले होते, पण असं त्याने कुणालाच वाढलं नव्हतं. एका माणसाने दुसऱ्यासाठी याहून जास्त ते काय करायचं? ती मात्र गोड न खाताच उठली आणि भट्टीमागे जाऊन रडली. हे त्याला दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईंनी सांगितलं. तेही 'गाढवा' अशी हाक मारून.

तरी फोन चालू राहिले. दर आठवड्याला ती फोन करायची, 'कधी येतोस' विचारायची, आणि हा 'बघतो, सीझन संपू दे' म्हणायचा. रेस्टॉरंटचा सीझन काही संपत नसतो. शेवटी मागच्या आठवड्यात तिने स्पष्टच सांगितलं.

"रविवारी दुपारी जेवायला ये. पाहुणा म्हणून ये. एक जेवण माझ्यासमोर बसून जेव, मग पुढचं बोलू. तेवढंही जमणार नसेल तर येऊच नकोस. मला गडी नकोय. गडी इथे रोजावर मिळतात."

"आणि नाही जमलं तर?" त्याने विचारलं.

"तर मी वाट बघायची थांबेन," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने वाट बघणं थांबवलं तर आपल्या आठवड्यात दुसरं काय उरतं, हे त्याने त्या रात्री अंथरुणात मोजून पाहिलं. त्याला ती हवी होती. इतकी साधी गोष्ट कळायला त्याला अर्धं आयुष्य लागलं होतं, कारण ही गोष्ट बसून विचार करायची होती.

म्हणून रविवारी उजाडताच तो निघाला. दुपारपर्यंत पोचायला इतक्या लवकर निघायची गरज नव्हती, पण त्याने मनाशी एक बेत आखला होता. वाटेत थांबत थांबत जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी बसायचा सराव करायचा. लोक पोहायचा सराव करतात, भाषण करायचा करतात. याने बसायचा ठरवला.

शहर मागे पडलं, रस्ता एका टेकडीला वळसा घालून खाली उतरला आणि एकदम सगळा समुद्र उघडा पडला. उजवीकडे काळे कडे, खाली पांढरा फेस, मध्येच एखादी वाळूची चंद्रकोर, तिच्यावर अजून एकही पाऊल उमटलेलं नाही. इतर कुणी असता तर 'वा' म्हणाला असता. आलोचला तो देखावा सकाळच्या रिकाम्या हॉलसारखा वाटला. सगळं मांडून ठेवलंय, गिऱ्हाईक यायचंय, आणि आपण हात बांधून काय उभे आहोत, असं त्याला झालं. त्याने गाडीचा वेग वाढवला. मग आठवलं की घाई नाही, म्हणून कमी केला. मग पुन्हा वाढवला.

पहिल्या सरावाला त्याने एका कड्यावरचा थांबा निवडला. तिथे एक कॉफीची टपरी आणि समुद्राकडे तोंड केलेली बाकं होती. त्याने कॉफी घेतली, बाकावर बसला आणि कॉफी संपेपर्यंत उठायचं नाही असं स्वतःला बजावलं. पण माणूस स्वतःलाच फसवायला निघाला की त्याला अडवणार कोण? त्याने ती उकळती कॉफी तीन घोटांत संपवली, जीभ भाजून घेतली आणि नियमाप्रमाणे उठला. उठला तो उठला, वर शेजारच्या दोन बाकांवरचे रिकामे पेले गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. टपरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. याने ओशाळं हसून काढता पाय घेतला.

पुढच्या एका वळणावर तो नुसताच दगडावर बसला. हातात काही नाही, समोर फक्त पाणी. पाय आपोआप हलायला लागले. त्याने ते घोट्याशी एकमेकांत अडकवले, तर बोटं गुडघ्यावर तबला वाजवू लागली. आपण नसताना हॉलमध्ये काय चाललं असेल, खिडकीजवळच्या टेबलाचा पाय डुगडुगतो तिथे नव्या पोरीने कागदाची घडी सरकवली असेल का, असले विचार डोक्यात शिरले. तो उठून गाडीत बसला. गाडीत बसणं त्याला जमत होतं, कारण गाडीत बसलं तरी हातपाय कामावर असतात.

ऊन चढलं. रस्ता एका छोट्या बंदराच्या गावात शिरला. तिथे धक्क्यावरच एक खानावळवजा रेस्टॉरंट होतं, बाहेर छत्र्यांखाली टेबलं मांडलेली. अजून बराच वेळ हातात होता. आलोचने विचार केला, इथे खरी परीक्षा. इथे गिऱ्हाईक म्हणून बसायचं, कुणीतरी आपल्याला पाणी आणून देईल, ते प्यायचं आणि आभार मानून निघायचं. एवढं जमलं तर तिथेही जमेल.

तो बसलासुद्धा. पण नशिबाचा खेळ असा, की याच्याकडे धड कपडे म्हणजे पांढरा सदरा आणि काळी पँट, आणि तेच तो घालून आला होता. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं कधीपासून कुणाचं लक्ष जातंय का हे बघत होतं. आजोबांनी याच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"आलोच," तो म्हणाला.

बस्स. पुढचं त्याला नीटसं आठवत नव्हतं. आजींना कोमट पाणी हवं होतं, आजोबांना कमी मिठाचं सूप. ते सांगायला तो आत गेला, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत चार ताटं तयार पडलेली आणि न्यायला कुणी नाही. तयार ताट खिडकीत गार होत पडलेलं त्याला बघवत नसे. त्याने चारही उचलली, कुठली कुठे जायची ते चेहरे बघून ओळखलं, आणि एकही चुकलं नाही. गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना वाटलं, एजन्सीकडून मागवलेला बदली माणूस उशिरा का होईना आला. त्यांनी एक शब्द न बोलता त्याच्या खांद्यावर नॅपकिन टाकला. खांद्यावर नॅपकिन पडल्यावर आलोचचं मन निवलं. सकाळपासून चाललेली तगमग थांबली, पाय शांत झाले. तो त्या छत्र्यांच्या मधून असा फिरत होता की जणू इथेच वाढला. दुपारच्या जेवणाची गर्दी आली, वाढली, ओसरायला लागली. हा आपला लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय.

मग एक घामाघूम झालेला माणूस धावतपळत आला आणि मालकीणबाईंना सांगू लागला की एजन्सीने पाठवलंय, पण बस चुकली, माफ करा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातावर पाच ताटं तोलत येणाऱ्या आलोचकडे पाहिलं.

"मग तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

आलोच थांबला. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी गिऱ्हाईक," तो म्हणाला.

बाई भल्या होत्या. बसा, जेवून जा, पैसे घेणार नाही, असं त्या म्हणत राहिल्या. पण त्याने ताटं जागच्या जागी पोचवली (तेवढं तर करायलाच हवं), नॅपकिन घडी करून ठेवला आणि गाडीकडे पळाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आपली तर मेल्यावरही जायची नाही, चितेवरून उठून लोकांना पाणी विचारू, असं त्याला वाटलं. त्याला हसूही आलं नाही. जेवायची वेळ टळून गेली होती, तिचं दुकान अजून बरंच लांब होतं, आणि जिच्यासमोर बसायचं ती ताट मांडून बसलेली असणार.

आता तो खरोखर घाईत होता आणि आता रस्त्याने आपला हिसका दाखवला. एका वळणापलीकडे दरड कोसळली होती. अर्धा रस्ता मातीखाली, उरलेल्या अर्ध्यावरून एकदा इकडच्या आणि एकदा तिकडच्या गाड्या सोडत होते. लाल झेंडी धरलेल्या माणसाने त्याला हाताने थांबवलं आणि गाडी बंद करायला सांगितली. किती वेळ लागेल, असं आलोचने विचारलं. झेंडीवाल्याने खांदे उडवले. माती उचलणारं मशीन मध्ये होतं, ते बाजूला झालं की सोडू.

आलोचने तिला फोन लावला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता. आपण दरडीपाशी अडकलोय, हे त्याने सांगितलं. बंदरावरचं सांगितलं नाही. तिने विचारलं की दरड तर सकाळपासूनच आहे, पण तू तिथवर दुपारच्या आतच यायला हवा होतास, मग इतका वेळ होतास कुठे. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "एका ठिकाणी वाढत होतो."

"कुणाला?"

"माहीत नाही."

ती हसली नाही. "मासा एकदाच भाजते मी," ती म्हणाली. "पुन्हा गरम करत नाही. ये किंवा नको येऊस. माझ्याकडे बसभर माणसं आलीत, मला वेळ नाही." आणि फोन बंद.

तो गाडीतून उतरला, पुन्हा आत बसला, पुन्हा उतरला. झेंडीवाला हे बघत होता. शेवटी तो म्हणाला, साहेब, तुम्ही येरझाऱ्या घातल्यात तरी दरड काही लवकर उठणार नाही. आलोच कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली समुद्र होता. सकाळपासून तोच समुद्र त्याच्या उजव्या हाताला होता, आणि त्याने तो धड पाहिलाच नव्हता. आता दुसरं काहीच करता येत नव्हतं. पाण्याचा रंग जवळ हिरवा, पुढे निळा, आणि त्याहून पुढे काय रंग होता त्याला सांगता आलं नसतं. एक होडी पुढे जात होती की जागेवर होती ते कळत नव्हतं. हे इतकं सगळं इथे रोज असतं आणि तिने दर फोनवर 'ये रे, बघ रे' म्हटलं, आणि आपण सीझन संपायची वाट बघत होतो. तो कठड्यावर बसला. बसल्याचं त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही, झेंडीवाल्याने हिरवी झेंडी हलवून ओरडेपर्यंत.

पाववालीच्या दुकानापुढे खरोखरच एक मोठी बस उभी होती. दुकान छोटं, समोर काच, आत सहा-सात टेबलं आणि मागे भट्टी. तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी पाव मागतंय, कुणी सुटे मागतंय, कुणाचं पोर रडतंय, आणि ती एकटी सगळ्यांना पुरी पडायला बघतेय. कपाळावर पीठ, केस सुटलेले. दोन वर्षांत ती वाळली होती. तिने त्याला दारात पाहिलं आणि हातातल्या चिमट्याने कोपऱ्यातलं एक टेबल दाखवलं.

"मी जरा..." त्याने बाह्या सरसावल्या.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. टेबलावर दोघांपुरतं मांडून ठेवलेलं होतं. काटे उजवीकडे आणि सुऱ्या डावीकडे, म्हणजे सगळं उलटं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

आता पुढचा वेळ त्याच्यावर काय गुदरलं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. समोरच्या टेबलावर उष्टे कप साठत होते. एका बाईने चमचा पाडला, तो पडूनच राहिला. एक माणूस ऑर्डर काय दिली होती हे विसरला, आलोचला ती इथून ऐकूनही पाठ होती. पाववाली एका हाताने ट्रे ओढत होती, दुसऱ्याने पैसे घेत होती, आणि चुकीच्या बाजूने वाढत होती, आणि दरवेळी त्याच्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. एकाने तर त्याचा सदरा बघून चुटकीच वाजवली आणि पाणी मागितलं. 'आ' त्याच्या तोंडातून निघालासुद्धा. बाकीचा शब्द त्याने गिळला.

"मी इथे बसायला आलोय," तो म्हणाला. आवाज असा निघाला की तो माणूस घाबरून दुसऱ्या टेबलावर गेला.

बसचा भोंगा वाजला आणि आले तसे सगळे लोंढ्याने गेले. दुकान एकदम रिकामं झालं. पाववालीने भट्टीवरून झाकलेली परात आणली. मासा, उकडलेले बटाटे, पाव. मासा गार पडून त्याची कड आखडली होती. म्हणजे तिनेही खाल्लं नव्हतं. तिने दोन ताटांत वाढलं, एक त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तू सुरू कर. मी एवढं काउंटर पुसते."

त्याने सुरू केलं नाही. तिने काउंटर पुसलं. मग टेबलं पुसली. मग ट्रे मोजले. मग पडलेला तो चमचा उचलला, आणि तो धुवायला गेली ती सगळेच चमचे धुऊन आली. मधून मधून 'खा ना, थांबलास कशाला' असं पाठमोरीच म्हणत होती. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. या बाजूने रिकामी खुर्ची त्याने जन्मात पाहिली नव्हती. आपण येणार म्हणून कुणी मांडून ठेवावं, आणि आपण तिथेच, हाताच्या अंतरावर, सगळं काही करावं आणि फक्त यायचं तेवढं येऊ नये. निरोपाच्या जेवणाच्या रात्री तिने हे असं किती वेळ सोसलं असेल? त्याला वाटलं होतं आपण तिला मान देतोय. काय मान दिला! आत्ता त्याचं ताट कुणी सोन्याचं करून दिलं असतं तरी त्याला ते भिंतीवर मारावंसं वाटलं असतं.

"ये ना," तो म्हणाला.

"दोन मिनिटं. भट्टी झाडते फक्त."

तो उठला. ती थबकली. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, झालं, आता हा फडकं घेणार. त्याने फडक्याला हात लावला नाही. तो दारापाशी गेला, 'चालू आहे' ची पाटी उलटी फिरवली, कडी घातली आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसला.

"अरे, या वेळेला शेजारपाजारचे येतात पावाला," ती म्हणाली.

"येऊ देत."

"आणि मासा गार झालाय."

"असू दे. तू आल्याशिवाय मी घास उचलणार नाही. भट्टी झाड, छप्पर झाड, रात्र कर. मी आहे इथे."

ती फडकं हातात धरून उभी राहिली. बसायचं म्हणजे काय करायचं, हे जणू तिलाही कुणी सांगायला हवं होतं. मग ती आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि एकदम रडायला लागली. दुकान हाती घेतल्यापासून एकदाही बसून जेवले नाही, ती म्हणाली. भट्टीशी उभ्यानेच खाते, एक डोळा दारावर ठेवून. तुझ्यासारखीच झाले. तू आलास आणि बसलास तर मीही बसेन, असं वाटलं होतं. आज तू बसलास, आणि माझेच पाय थांबेनात.

त्याने काही समजूत घातली नाही. पावाचा एक तुकडा मोडून तिच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला. दोघं जेवायला लागली. गार मासा चिवट झाला होता आणि मीठ कमी होतं. ते त्याने तिला सांगितलं, आणि ती रडता रडता म्हणाली की मग मीठ घे, समोर आहे. त्याने हात लांब करून स्वतःसाठी मीठ घेतलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. बाहेर पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी पाटी वाचली, आत जेवणारी दोन माणसं पाहिली, आणि तरी पुन्हा टकटक केलं. पाववालीने हातातला घास खाली ठेवला. आलोचच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं. तिला थांबवायला की स्वतःला, ते त्यालाही कळलं नाही. गृहस्थांनी तिसऱ्यांदा काच वाजवली आणि बोटाने पावाच्या फळीकडे खूण केली.

"उद्या या," आलोच म्हणाला. आणि गिऱ्हाइकाशी तो आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात घास असताना बोलला.